सूनबाईंचं सॉफ्टवेअर

सल्ला मागणारं एक पत्र आलंय, ते असं आहे. लांब होतं, थोडं आटोपशीर केलंय.

"आमची जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहे. सासरे चाळीस वर्षं चालवताहेत. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, लग्नाआधी पुण्यात नोकरी करत होते. मीच हट्ट धरून मिलमध्ये ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायला लावलं. नाशिकच्या एका कंपनीशी 11 लाखांत ठरलं, त्यातले साडेसात देऊन झाले. जानेवारीत सुरू केलं. आज आठ महिने झाले. दिवाणजी वही लिहितात ते लिहितातच, ऑपरेटर तेच पुन्हा संगणकात भरतो, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. गोदामात माल जास्त, स्क्रीनवर कमी. ऑपरेटरला विचारलं तर म्हणतो, बिल जुळवायला वजन ॲडजस्ट करावं लागतं. आम्ही काढलेल्या 62 बदलांसाठी कंपनी आणखी साडेतीन लाख मागतेय. सासरे म्हणतात, फेक ते. मिस्टर विक्री बघतात, यात पडत नाहीत. मिलमध्ये सगळे त्याला 'सूनबाईंचं सॉफ्टवेअर' म्हणतात. पैसे भरू की बंद करू?"

ताई, साडेतीन लाख आत्ता देऊ नका आणि सॉफ्टवेअर फेकूही नका. कंपनीला कळवा की बदलांची यादी आम्ही पुन्हा तपासतोय, तोवर काम थांबवा. साडेसात लाख गेले, ते या हिशेबात धरू नका. 'एवढे घातले, मग थोडे आणखी घालू' या विचाराने भल्याभल्यांचा पाय खोलात गेलाय. आणि 'एवढे घालूनही काही झालं नाही, म्हणजे वस्तूच वाईट' हाही निष्कर्ष घाईचा आहे.

तुमच्या ऑपरेटरने खरं ते सांगून टाकलंय, फक्त ते कुणी कान देऊन ऐकलेलं दिसत नाही. तो वजन का 'ॲडजस्ट' करतो ते बघू. समजा 160 क्विंटल तुरीची गाडी आली. सौदा फोनवर 7,200 ने झालेला. गेटवर पोत्यातून नमुना काढला, तर माल ओला. दलालाला फोन गेला, घासाघीस झाली, क्विंटलमागे 80 रुपये कमी करायचं ठरलं. दिवाणजींनी वहीच्या कडेला लिहिलं, 'ओला, 80 कट, शेठना विचारून'. विषय संपला. आता तीच गाडी ऑपरेटरसमोर येते. त्याच्या स्क्रीनवर भाव सौद्याच्या वेळीच पक्का झालेला, त्याला हात लावता येत नाही. पण दलालाच्या पावतीवर रक्कम आहे 11,39,200. ती आल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. मग तो काय करतो? भाव 7,200 च ठेवतो आणि वजन 158.22 क्विंटल टाकतो. रक्कम जुळली. कागदावरून पावणेदोन क्विंटलहून जास्त तूर नाहीशी झाली, जी गोदामात धडधडीत पडलेली आहे.

अशा किती गाड्या एका मोसमात येतात ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. म्हणून गोदामात माल जास्त आणि स्क्रीनवर कमी. म्हणून तुमचा डाळीचा उताराही स्क्रीनवर खऱ्यापेक्षा चांगला दिसत असणार. कमी तुरीतून तेवढीच डाळ निघतेय असं दिसणारच. चाळीस वर्षं तुरीत घालवलेल्या माणसाने तो आकडा एकदा पाहिला असेल आणि त्याच क्षणी मनातून ते यंत्र उतरलं असेल. सासऱ्यांचं 'फेक ते' तिथून आलं असावं असा माझा अंदाज आहे. त्यांना तुम्ही जुन्या विचारांचे ठरवू नका. त्यांनी खोटा आकडा ओळखलाय.

ही सॉफ्टवेअरमधली चूक म्हणता येईल का? कंपनीच्या मुलांनी सुरुवातीला विचारलं असेल, 'खरेदी कशी होते?' कुणीतरी सांगितलं असेल, 'सौदा होतो, माल येतो, वजन होतं, बिल होतं.' ओल्या मालाची कटौती कुणी सांगितली नाही, कारण मिलमधल्या माणसाला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटतच नाही. आणि पोरं गेटवर उभी राहिली नाहीत. एसीत बसून माहिती घेतली. दोष द्यायचाच तर दोघांना अर्धा-अर्धा द्या.

पण त्याच्याही मागे एक गोष्ट आहे, आणि मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. ही कटौती करायचा अधिकार कुणाला? किती रुपयांपर्यंत? 'शेठना विचारून' हे वहीच्या कडेला चालतं. संगणक विचारतो की शेठ पंढरपूरला गेले असतील तेव्हा कोण ठरवणार, 80 दिवाणजी ठरवू शकतात की नाही, 200 असेल तर काय. हे प्रश्न नाशिकच्या कंपनीला सोडवता येत नाहीत. तुम्हालाही येत नाहीत, रागावू नका. ते मालकानेच ठरवायचे असतात आणि तुमच्या मिलमध्ये ते कुणी मालकाला विचारलेलेच नाहीत. त्याचप्रमाणे वही आणि स्क्रीन यांत फरक आला तर खरं कुठलं मानायचं, हेही कुणी ठरवलेलं नाही. आठ महिने दोन्ही चालू आहेत आणि दोन्ही बरोबर असल्याचं नाटक चाललंय. अशा ठिकाणी वहीच जिंकते, कारण पैसे वहीवरून दिले जातात.

मी या भागात जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिला, केळीच्या गाड्या भरणारे व्यापारी यांच्याकडची बरीच संगणकीकरणं जवळून पाहिली आहेत. बंद पडलेल्यांपैकी तांत्रिक कारणाने बंद पडलेली फार थोडी. बहुतेक ठिकाणी हेच, की धंद्यातला एक न ठरलेला प्रश्न सॉफ्टवेअरच्या गळ्यात घातला आणि ते सुटलं नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजून कमीपणा घेऊ नका. अमेरिकेत हर्शी नावाची चॉकलेटची मोठी कंपनी आहे. त्यांनी तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरची नवी व्यवस्था एकदम बसवायला घेतली, खर्च 11 कोटी 20 लाख डॉलर. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकायचं ठरवलं आणि जुलै 1999 मध्ये सुरू केलं. त्यांची दिवाळी म्हणजे ऑक्टोबरअखेरचा हॅलोविन, तेव्हा चॉकलेट प्रचंड खपतं. गोदामं भरलेली, दुकानदारांच्या ऑर्डरी आलेल्या, आणि मधली व्यवस्था चालेना. सुमारे 10 कोटी डॉलरचा माल पाठवता आला नाही. त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घसरला. एवढे हुशार लोक, एवढा पैसा, आणि मुहूर्त काढला तो ऐन मोसमाच्या तोंडावर. तुम्ही जानेवारीत सुरू केलंत. जानेवारीत जळगावात तुरीच्या गाड्यांची रांग लागलेली असते, दिवाणजींना जेवायला फुरसत नसते, आणि त्यांना आपण सांगतो की या स्क्रीनवर बोट फिरवायला शिका. ते शिकले नाहीत यात नवल काय?

आपल्याच देशातलं एक उदाहरण तुम्हाला आठवत असेल. 7 जून 2021 ला आयकराचं नवं पोर्टल सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून अडखळलं. त्या वर्षी व्यक्तिगत विवरणपत्रांची मुदत 31 जुलैवरून वाढत वाढत 31 डिसेंबरवर गेली, त्यात कोविडचाही भाग होता. सीए लोकांचे ते महिने कसे गेले ते तुमच्या सीएला विचारा, चहा गार होईपर्यंत सांगतील.

दुसरं उदाहरण तुमच्या 62 बदलांसाठी. जर्मनीतली लिडल ही किराणा दुकानांची प्रचंड साखळी. 2011 पासून ते नवं सॉफ्टवेअर बसवत होते. त्यांची पद्धत साठ्याची किंमत खरेदी भावाने धरायची, सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्री भावाची. लिडलने आपली पद्धत बदलली नाही, सॉफ्टवेअर आपल्याला हवं तसं बदलत नेलं. एक बदल केला की त्याला लागून दहा. सात वर्षांनी, 2018 मध्ये, सुमारे 50 कोटी युरो खर्चून त्यांनी सगळं गुंडाळलं आणि जुन्या व्यवस्थेकडे परत गेले.

तर तुमची 62 ची यादी घ्या आणि सासरे, दिवाणजी, तुम्ही अशी तिघं बसा. मिस्टरांनाही बसवा, विक्रीची बाजू त्यांची आहे, त्यांना बाजूला राहू देऊ नका. एकेक बदल वाचायचा आणि विचारायचं, हा नसेल तर काय अडतं? कायदा अडत असेल तर बदल करायचाच, त्यात चर्चा नको. उदाहरणार्थ 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटबंद डाळीला जीएसटी लागतो, 30 किलोच्या कट्ट्याला लागत नाही. एकाच ढिगातली डाळ, एक बिल करासह, दुसरं करमाफ. हे सॉफ्टवेअरला आपोआप कळलंच पाहिजे, ऑपरेटरच्या लक्षात राहण्यावर सोडायचं नाही. पैशाचा किंवा वजनाचा आकडा खोटा पडत असेल, जसा त्या 80 रुपयांच्या कटौतीत पडतो, तरीही बदल करायचा. जॉबवर्कची तूर, म्हणजे दुसऱ्याची भरडून द्यायची ती, तुमच्या साठ्यात मिसळत असेल तर तेही यातच आलं.

आणि उरलेलं? 'बिलावर पार्टीचं नाव डावीकडे हवं', 'रोजमेळ आपल्या जुन्या वहीसारखाच छापून यावा', 'गेटपासचा कागद गुलाबी हवा'. मी तुमची यादी पाहिलेली नाही, पण अशा याद्या खूप पाहिल्यात. त्यातलं निम्म्याहून जास्त हेच असतं. ते सगळं वर्षभर बाजूला ठेवा. माणसं आठवड्यात सरावतात आणि गुलाबी कागदाचं कुणाला आठवतही नाही. माझा अंदाज आहे की 62 मधले दहा-बारा उरतील आणि त्यांचे साडेतीन लाख होणार नाहीत.

एक नाजूक गोष्ट इथेच विचारतो. कच्च्या चिठ्ठीवरचे काही व्यवहार स्क्रीनवर येऊ नयेत अशी कुणाची इच्छा असेल, तर तुमचं सॉफ्टवेअर कधीच चालणार नाही, त्यात 62 काय 620 बदल केलेत तरी. माणसं ते उघडपणे सांगत नाहीत, फक्त 'हे फार किचकट आहे' म्हणतात. तुमच्याकडे असं आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल तर तो विषय सीएसमोर बसून घरातच आधी मिटवा. त्याआधी एक रुपयाही कंपनीला देण्यात अर्थ नाही.

आता नावांची गोष्ट. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण मी पैज लावतो. आज संध्याकाळी मालाची यादी उघडून बघा. फटका ही तूरडाळीची एक प्रत, पण कुणी 'तूरडाळ फटका' लिहिलं असेल, कुणी 'फटका तूर', कुणी नुसतं 'फटका 30'. तिन्हींचा साठा वेगळा दिसत असेल. पार्ट्यांच्या यादीत चोपड्याचा एकच किराणा व्यापारी तीनदा असेल, एकदा दुकानाच्या नावाने, एकदा आडनावाने आणि एकदा त्याच्या मुलाच्या नावाने. मग त्याची उधारी किती, हे कोण सांगणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अमेरिकेतली टार्गेट ही दुकानांची साखळी 2013 मध्ये कॅनडात गेली. हजारो वस्तूंची माहिती घाईघाईत नवीन यंत्रणेत भरली. कुठे लांबीच्या जागी रुंदी, कुठे सेंटिमीटरच्या जागी इंच. खोकी कपाटात मावेनात, गोदामं तुंबली आणि दुकानांतली फळ्यांवरची जागा रिकामी. जानेवारी 2015 मध्ये त्यांनी 133 दुकानं बंद करून कॅनडा सोडत असल्याचं जाहीर केलं. कारणं आणखीही होती, पण लोकांना दिसली ती रिकामी दुकानं.

ही सफाई कंपनीवर सोपवू नका. नाशिकच्या मुलाला फटका आणि सव्वा नंबर या प्रतींमधला फरक माहीत नाही. ती करायला मिलमध्ये एकच माणूस लायक आहे, आणि तो म्हणजे ज्यांच्यामुळे तुमचं काम अडलंय असं तुम्हाला वाटतं ते दिवाणजी.

त्यांच्याबद्दल तुम्ही पत्रात फक्त एक वाक्य लिहिलंय. ते माझ्या डोक्यातून जाईना. असा माणूस पार्ट्यांचे स्वभाव, दलालांच्या खोड्या, कोण कधी पैसे देतो, सगळं डोक्यात ठेवून असतो. त्याची मिलमधली किंमत ती आठवण आहे. ती आठवण तुम्ही यंत्रात घालायला निघालात आणि त्यांना विचारलंत ते 'काका, कॉम्प्युटर शिका ना'. त्यांना त्यात काय ऐकू आलं असेल? त्यांना टायपिंग शिकवण्याचा नाद सोडा. टायपिंग ऑपरेटर करेल. रोज संध्याकाळी मिल बंद होण्याआधी दिवसभराच्या आवकेचा एक छापील कागद त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी तो आपल्या वहीशी ताडून बघायचा, जिथे फरक असेल तिथे लाल पेनाने खूण करायची आणि खाली सही करायची. सही असेल तरच तो दिवस पक्का. ऑपरेटरने काय भरायचं ते दिवाणजी सांगतील, उलटं होणार नाही. आणि सासऱ्यांनी सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगावं की त्यांची नोकरी आणि पगार याला धक्का लागणार नाही. हे तुम्ही सांगून उपयोग नाही. तुम्ही सूनबाई आहात आणि सॉफ्टवेअर तुमचं आहे.

सासऱ्यांशी बोलताना संगणक हा शब्दच काढू नका. त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा. कटौती कोण, किती रुपयांपर्यंत ठरवू शकतो. वही आणि स्क्रीन वेगळं सांगत असतील तर त्या दिवसापुरतं कुणाचं खरं मानायचं. आणि आवकीची वही कुठल्या तारखेला बंद. या तिन्हींची उत्तरं त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीने, ऑफिसच्या भिंतीवर लावा. एवढं झालं की तो प्रकल्प त्यांचा झाला. त्यांनी एकही बटण दाबलेलं नसताना. त्यांना हे पटायला वेळ लागला तर लागू द्या, पण त्यांच्याशिवाय पुढे जाऊ नका. अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रो पुढे जगाला सॉफ्टवेअर विकू लागली, तेव्हा खान्देशात हे जमत नाही असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. पण तिथेही वळण मालकाने घेतलं होतं, हे विसरू नका.

किती करायचं आणि कधी, यावर तुमची सगळ्यात मोठी घसरगुंडी झालीय. आवक, उत्पादन, साठा, विक्री, हिशेब, पगार, हमाली, सगळं एकाच जानेवारीत. सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं सांगतो. त्याने पहिल्या वर्षी फक्त गाडी भरण्याची वही संगणकावर घेतली. कुठल्या शेतातून, केळी नवती की कांदेबाग, किती वजन, कटती किती, मजुरी किती. बस. हिशेब जुन्याच पद्धतीने. लोक हसले त्याला, एवढे पैसे घालून एवढंच? पण त्या एका वहीतला आकडा इतका पक्का झाला की शेतकरी भांडायला आला की तो मोबाइल पुढे करायचा आणि भांडण तिथेच मिटायचं. दुसऱ्या वर्षी हिशेबवाल्यानेच मागणी केली की माझंही त्यात घ्या.

तुम्हीही फक्त आवक घ्या. गेट, वजनकाटा, ओलावा, कटौती, बारदानाची वजावट, हमालीची पोती. बाकीचं सगळं आजपासून वहीवर परत, बिनदिक्कत. पराभव वाटेल, वाटू द्या. दोन्हीकडे खोटं लिहिण्यापेक्षा एकीकडे खरं लिहिलेलं परवडतं.

कॅलेंडर तुमच्या बाजूने आहे. आत्ता मूग-उडदाची आवक चालू आहे. गाड्या थोड्या, दिवाणजी मोकळे, चुका झाल्या तरी नुकसान हाताबाहेरचं नाही. या दिवसांत वही आणि स्क्रीन दोन्ही चालवा, संध्याकाळचा तो लाल पेनाचा कागद रोज काढा. आठवड्याच्या शेवटी लाल खुणा मोजा. त्या कमी होत गेल्या पाहिजेत. लक्ष्मीपूजनाला तुमच्याकडे वहीपूजन होत असणारच. पाडव्याला नवी वही घालताना आवकीची वही तेवढी नवी घालायची नाही. जुन्या वहीला हळदकुंकू वाहून ती कपाटात. सासऱ्यांच्या हातून झालं तर उत्तम. तोवर लाल खुणा आटोक्यात आल्या नसतील, तर मात्र पाडव्याचा हट्ट धरू नका. डिसेंबरात तूर सुरू होते, अर्धवट तयारीने त्या रांगेला सामोरं जाणं म्हणजे गेल्या जानेवारीची पुनरावृत्ती. मग सरळ पुढच्या पावसाळ्यावर ढकला. पावसाळ्यात वाळवणीची पंचाईत असते, मिल तशीही मंद चालते.

हिशेबाचा भाग सीए 1 एप्रिललाच सुरू करा म्हणतील, आणि आरंभीच्या शिलकीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये हरभऱ्याची गर्दी असते. आवक तोवर अंगवळणी पडलेली असेल तर 1 एप्रिलचं बघा, नसेल तर वर्षभर थांबा. सीएला राग आला तरी चालेल.

आता कंपनी. त्यांचे साडेतीन लाख राहिलेत, अजून द्यायचे आहेत, ती तुमची ताकद आहे. मूळ करारातली ही रक्कम आणि नव्या बदलांचे साडेतीन लाख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा योगायोगाने एक आहे, त्यात गफलत होऊ देऊ नका. मूळ रकमेचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा तारखेला न बांधता कामाला बांधा. उदाहरणार्थ, सलग एक महिना आवकेचा स्क्रीनवरचा आकडा आणि गोदामातली प्रत्यक्ष मोजणी जुळली की पहिला तुकडा. 'मॉड्यूल डिलिव्हर झालं' या वाक्यावर पैसे देऊ नका. डिलिव्हर काहीही होतं.

त्यांच्याकडून एकच ठरावीक माणूस मागा, आणि त्याने कटौतीचा बदल लिहायला बसण्याआधी दोन दिवस तुमच्या गेटवर उभं राहावं अशी अट घाला. दर महिन्याला नवा मुलगा येतो आणि त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं, ही तक्रार मी प्रत्येक मिलमध्ये ऐकतो. कंपन्यांचीही अडचण आहे, मुलं टिकत नाहीत, पुण्या-बंगळूरला जातात. तरी मागा. मिळाला तर त्याला जेवायला घरी बोलवा, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्लेला माणूस फोन उचलतो.

शेवटचा भाग कुणालाच आवडत नाही, तरी आत्ताच ठरवा. कुठल्या दिवशी, काय दिसलं तर हे बंद करायचं? मी म्हणेन, पाडव्याला सुरू केलंत आणि संक्रांतीपर्यंत तुरीची आवक आठवडाभर सलग जुळली नाही, तर ही कंपनी थांबवायची. हे सासऱ्यांसमोर बोलून ठेवा. त्यांना मग रोज 'फेक ते' म्हणावं लागणार नाही, आणि तुम्हालाही रोज बाजू मांडावी लागणार नाही. थांबवायची वेळ आली तर तुमची माहिती तुमच्या हातात हवी. म्हणून या आठवड्यातच कंपनीकडून लेखी घ्या की मालाची यादी, पार्ट्या, उधारी, आवक, सगळं एक्सेलमध्ये मागाल तेव्हा मिळेल, त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत. लेखी मिळालं की लगेच एकदा ती फाइल मागवा आणि मिलच्या दुसऱ्या संगणकावर उघडून दिवाणजींना दाखवा. चोपड्याचा तो व्यापारी त्यात किती वेळा आहे, तेवढं त्यांच्याकडून मोजून घ्या.